उंबऱ्याएवढी दांडी

आमच्या मिस्त्रींना सायकल कळते, हे मी कधी नाकारलं नाही. माणसंही कळतात असं ते स्वतः म्हणतात, तेव्हा मी गप्प बसते. लग्नाला एकतीस वर्षं झाली. कुठं बोलायचं आणि कुठं पदर सावरून आत जायचं, एवढं तर येतंच बाईला.

केजमध्ये कळंब रस्त्याला आमचं दुकान आहे. पुढं काउंटरवर मी, म्हणजे जुलेखा, चेन, ट्यूब, छर्रे आणि ब्रेकचे रबर विकते. मागं हैदर मिस्त्री, हातात पाना आणि तोंडात कुणाची तरी चूक. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा धाकटा भाऊ फिरोज वेल्डिंग करतो. घरात आम्ही आपली दखनी बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडण दोन्हीत.

दोन वर्षांपूर्वी कुणीतरी गवत कापायच्या यंत्राचं बंद इंजिन दुकानात टाकून गेलं. मिस्त्रींनी ते दुरुस्त केलं, एका जुन्या काळ्या सायकलवर बसवलं आणि त्या सायकलवर बसून धारूरला जाऊन आले. तेव्हापासून त्यांचं नाव ‘इंजिनवाले हैदर’ पडलं. नाव पडलं तशी अक्कडही वाढली. इंजिन कसं बसवायचं याचे त्यांचे कायदे ठरलेले. फ्रेमला वेल्डिंग करायचं नाही, कारण वेल्डिंग तुटत नाही, वेल्डिंगच्या शेजारी तुटतं. पातळ नळी तिथं भाजून निघते. जोड घालायचा तर पितळेनं. आणि इंजिन नळीला पट्टीनं आवळायचं तर लोखंडाला लोखंड भिडलं पाहिजे, मध्ये काही नको.

या शेवटच्या कायद्यावरून फिरोजचं आणि त्यांचं रोज वाजायचं. फिरोज म्हणायचा, पट्टीखाली रबर घाला, नाहीतर इंजिनची सगळी थरथर नळीत उतरते. मिस्त्री म्हणायचे, रबर घातलं की इंजिन नाचतं, नाचलं की नट ढिला होतो, आणि ढिला नट माणूस मारतो. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशातले दोघंही. मी दोघांना चहा द्यायचे आणि गिऱ्हाइकाला सांगायचे, थांबा, भांडण संपलं की काम होईल.

गेल्या साली दसऱ्याच्या आधी रुक्मिणीबाई सायकल हातात धरून दुकानात आल्या. त्या डोंगराकडच्या एका खेड्यातल्या आशाताई, वय पन्नाशीच्या आत-बाहेर. गावाशिवाय वरच्या चार वस्त्याही त्यांच्याकडे. आमच्या भागात दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मागं वस्तीवर राहतात म्हातारीकोतारी आणि काही पोरं. त्या म्हाताऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या, साखरेच्या गोळ्या बाई आठवड्यातून दोनदा नेऊन द्यायच्या. नुसत्या द्यायच्या नाहीत, समोर बसून घ्यायला लावायच्या. कारण म्हाताऱ्यांना वाचता येत नाही. सकाळची गोळी संध्याकाळी घेतात, बरं वाटलं की बंद करतात, आणि मग एके दिवशी तोंड वाकडं होतं. दोन वर्षांपूर्वी एकाचं झालं होतं. तो बाईंच्या मनातून जात नव्हता.

पावसाळ्यात ओढा ओलांडताना पाय घसरून त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी सरकली. आता चढाला चालवत नव्हतं आणि पायडलही मारवत नव्हतं. वरच्या वस्त्यांचं काम घ्यायला दुसरी बाई तयार नव्हती. दुरून डोंगर साजरे, चढायला लागलं की कळतं.

“गुडगा गेलाय, काम न्हाई गेलं,” त्या मिस्त्रींना म्हणाल्या. “टोळ्या जायच्या आत ह्याला इंजिन बसवून द्या.”

सायकल त्यांच्या मुलीची होती. करिष्माला आठवीत शाळेतून मिळालेली. पोरगी आता अंबाजोगाईला नर्सिंग शिकते. तिची सायकल घेऊन बाई बेचाळीसाव्या वर्षी माळावर शिकल्या होत्या. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला त्यांचा हेवा वाटला. मी आयुष्यभर सायकलचं सामान विकते आणि मला सायकल येत नाही.

मिस्त्रींनी एका हातानं सीट धरलं, दुसऱ्यानं हँडल, आणि सायकल पिळून दाखवली. लेडीज सायकल. जेन्ट्स सायकलला वर आडवी दांडी असते, तिच्यामुळं फ्रेमचा त्रिकोण होतो आणि तो ओझं पेलतो. लेडीजच्या दोन्ही नळ्या हँडलपासून खाली झुकलेल्या. इंजिनचं वजन आणि थरथर पडली की हँडलखालची मान तुटणार, आणि तुटली तर उतारावर तुटणार. मिस्त्री म्हणाले, दांडी घातल्याशिवाय मी इंजिन बसवणार नाही, दुसरीकडं कुठं बसवायचं तर बसवा. बाई म्हणाल्या, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

पाच दिवस त्यांनी त्या सायकलला जीव लावला. जुन्या सायकलची दांडी कापून आणली, दोन्ही टोकांना पितळ भरलं, कानशीनं घासून जोड असा केला की बोट फिरवलं तरी कळू नये. त्रिकोणात इंजिन बसवलं. स्वतः नाक्यापर्यंत चालवली, फिरोजनं चालवली, चहावाल्यानंही चालवून बघितली. बाई न्यायला आल्या तेव्हा चार माणसं जमली होती. मिस्त्री छाती काढून म्हणाले, “आता ही लेडीज ऱ्हायली न्हाई, बाई. मर्दानी झाली.”

सगळे हसले. मीसुद्धा हसले. बाई पण हसल्या, सायकलकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, मिस्त्रींचे आभार मानले. इथं गर्दी आहे, पुढं जाऊन बसते म्हणाल्या आणि सायकल हातात धरून चालत गेल्या. काउंटरवरून मला त्या वळणापर्यंत दिसत होत्या. वळणापर्यंत त्या बसल्या नाहीत, हेही मला दिसलं. आणि मी स्वतःला शहाणी समजते.

तीन आठवड्यांनी फिरोज वरच्या अंगाला कुणाचं तरी फाटक बसवायला गेला होता. आल्यावर म्हणाला, आशाताई दिसल्या, चालत होत्या, सायकल हातात होती आणि गोळ्यांची पिशवी दांडीला अडकवली होती. मिस्त्रींचं डोकं फिरलं. पेट्रोलमध्ये ऑइल कमी घातलं असेल, इंजिन जाम केलं असेल, आणि सांगायलाही येत नाहीत. दिवसभर त्यांची बडबड चालू होती. दुसऱ्या दिवशी मी जीप धरली आणि बाईंच्या गावाला गेले.

बाईंनी चहा टाकला. मी सायकलचं विचारलं की त्या चहात साखर किती विचारायच्या. इंजिन चांगलं आहे, रोज सकाळी चालू करून बघते, एवढंच म्हणाल्या. मग पाण्याचा तांब्या आणायला उठल्या. घराला जुना दगडी उंबरा होता. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, उजवा पाय गुडघ्याखाली हातानं धरला, उचलून पलीकडं ठेवला आणि मग दुसरा पाय घेतला. रोजची सवय असल्यासारखं, बोलता बोलता.

सायकल भिंतीला टेकवलेली होती. दांडी माझ्या कमरेला लागत होती. माझे कान तापले. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. माझं काही जळत नव्हतं, म्हणून सगळं डोळ्यांसमोर होऊन मला कळलं नाही. तीन पुरुषांनी चालवून बघितली आणि मी टाळ्या वाजवल्या.

“कावून सांगितलं न्हाई?” मी विचारलं.

“मिस्तरींनी लई जीव लावलता, भाभी. कोणत्या तोंडानं सांगू का माजा पाय वर जात न्हाई? आन् बापय माणसाला सांगायची गोष्ट हाय का ती?”

सायकल नेल्यापासून त्यांना वरच्या दोन वस्त्यांवर फक्त एकदाच जाता आलं होतं, तेही एक दिवस चढून आणि दोन दिवस झोपून. टोळ्या आठवड्यात निघणार होत्या. मी विचारलं, पाय नेमका किती वर जातो? त्यांनी उंबऱ्याकडं बोट दाखवलं. एवढाच, याच्या वर नाही. मग मी माझ्या पिशवीची नाडी काढली, उंबऱ्याला लावली आणि उंचीपाशी गाठ मारली.

घरी येऊन ती नाडी मिस्त्रींपुढं ठेवली आणि जे बघितलं ते सांगितलं. ते भांडतील म्हणून मी कंबर कसून आले होते. ते भांडले नाहीत. नाडी जमिनीला टेकवून गाठ बघितली, वीत आणि चार बोटं. दुपारी जेवले नाहीत. शेवटी म्हणाले, एवढ्या खाली नळी घ्यायची तर पायडलच्या आसाला चिकटून जाईल, मग वर काही उरतच नाही. फ्रेम टिकणार नाही, जुलेखा. मी म्हणाले, जी टिकते तिच्यावर बाईला बसता येत नाही, मग ती कुणासाठी टिकते? हे मी जरा जोरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फिरोजला टेम्पो घेऊन सायकल आणायला पाठवलं. स्वतःच्या हातानं आपली दांडी कापली. कापताना माझ्याकडं पाठ होती. झुकलेल्या दोन नळ्यांतली वरची पण काढली आणि खालची दुहेरी केली, पितळ भरून, नाडी लावून लावून. इंजिन आता मागं आलं, सीटखालच्या उभ्या नळीला पट्टीनं आवळलेलं, खालून मागच्या चाकाच्या आसावर दोन पाय टेकलेलं. पट्टी लोखंडाला लोखंड. फिरोजनं रबराचा तुकडा आणून दिला तो त्यांनी शेल्फवर ठेवून दिला. दांडी कापली तेवढं पुरे, रबर घालण्याइतका मी म्हातारा झालो नाही, असं काहीतरी म्हणाले.

बाईंनी या वेळी बसून बघितलं. पदर कमरेला खोचला, पाय हातानं उचलला, नळीपलीकडं ठेवला आणि सीटवर बसल्या. नाक्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मिस्त्रींनी फक्त सांगितलं, एक्सिलेटर खिळा घालून अर्ध्यावर अडवून ठेवलाय, तो खिळा काढायचा नाही, आणि दर महिन्याला सायकल दाखवायची. चौथ्या दिवशी टोळ्यांचे ट्रॅक्टर भरून गेले.

थंडी चांगली गेली. बाई दर महिन्याला यायच्या आणि वस्तीवरच्या बातम्या सांगायच्या, कोण गोळी थुंकतो, कोण साखरेची गोळी खाऊन वर गूळ खातो. सगळ्यात वरच्या वस्तीवर भिवराबाई म्हणून एकटी म्हातारी होती. ती गोळी हातात घेऊन आधी रंग तपासायची, मग गोळीचं नाव विचारायची, मग घ्यायची. बाई सांगत तोवर मिस्त्री नळीला रॉकेल लावायचे, पुसायचे आणि वरून खडू फिरवायचे. तडा असेल तर त्यात मुरलेलं रॉकेल खडूवर उमटतं. तीन महिने खडू पांढराच राहिला.

फेब्रुवारीत रेघ उमटली. सीटखालच्या नळीवर, पट्टीच्या बरोबर काठाला, केसाएवढी. फिरोज आला, त्यानं बघितलं आणि देवाची दया, तो काही बोलला नाही. थरथर तिथंच उतरली होती जिथं तो म्हणाला होता.

मिस्त्री म्हणाले, आता सायकल ठेवून जा. डोंगरावर ही न्यायची नाही. बाईंनी विचारलं, नवी फ्रेम किती दिवसांत होईल? तसल्या मापाची फ्रेम मिळत नाही, पहिल्यापासून बनवायला महिना तरी जाणार. पाडवा दीड महिन्यावर होता. मिस्त्री म्हणाले, तोवर पायी करा, जेवढं जमेल तेवढं.

बाई स्टुलावर बसल्या. आवाज चढवला नाही.

“पायी चारातल्या दोन वस्त्या व्हतील,” त्या म्हणाल्या. “कोणत्या दोन सोडू, तुमी सांगा.”

मिस्त्री म्हणाले, मी कसं सांगू? मला कुठं माहीत आहेत माणसं. तेव्हा बाईंनी सांगायला सुरुवात केली. वही उघडली नाही, सगळं तोंडपाठ. खालच्या वस्तीवर त्रिंबकआप्पा, त्यांची साखर तीनशेच्या वर जाते. त्यांच्या शेजारी एक डोळे गेलेली बाई, तिला गोळी हातात द्यावी लागते. मधल्या वस्तीवर दोघं भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत, पण गोळीच्या वेळी दोघं एका ओट्यावर येतात. सगळ्यात वर भिवराबाई. एकेक नाव आणि एकेक गोळी. वीस मिनिटं तरी त्या बोलत होत्या. मिस्त्रींच्या हातात खडू तसाच होता. दोन गिऱ्हाइकं आली ती मी हातानंच थांबवली.

शेवटी मिस्त्री उठले आणि ड्रिल घेतलं. मी त्यांना फ्रेमच्या नळीला कधी भोक पाडताना बघितलं नव्हतं. भोक पाडलेली फ्रेम दुरुस्तीला आली तर ते आणणाऱ्याला शिव्या घालायचे. त्या दिवशी त्यांनी तड्याच्या दोन्ही टोकांना ज्वारीच्या दाण्याएवढी दोन भोकं पाडली. तडा गोल भोकापाशी येऊन थांबतो, पुढं धावत नाही, असं त्यांच्या उस्तादांनी सांगितलेलं होतं, त्यांनी कधी केलं नव्हतं. मग नळीला दोन्ही बाजूंनी अर्ध्या पाईपचा धिरा दिला, चार पट्ट्यांनी बांधला. आणि इंजिनची पट्टी आवळायच्या आधी शेल्फवरचा रबराचा तुकडा मागितला. फिरोजनं तो दोन्ही हातांनी दिला.

बाईंना म्हणाले, “मी वायदा करत न्हाई. उताराला उतरून चाला. आन् काही कुरकुर ऐकली तर तितंच सोडून द्या तिला, आणायला मी येतो.”

अजून एक महिना ती सायकल चालली. आता बाई दर आठवड्याला ती दाखवायला यायच्या. बाई आल्या नाहीत तो दिवस मिस्त्री रस्त्याकडं बघत काढायचे, आणि आल्या की बाईंच्या आधी सायकल बघायचे. मला ते बघून रागही यायचा आणि कीवही. झोपेतही त्यांचा हात काहीतरी आवळत असायचा.

पाडव्याला बारा दिवस राहिले असताना बाई जीपनं आल्या. कोपराला खरचटलं होतं, बाकी काही नाही. सायकल सपाटीवर मोडली, त्या सीटवरून उतरत होत्या तेव्हाच. तडा भोकापाशीच थांबला होता. फ्रेम मोडली ती मानेपाशी, जिथं आधीपासून मोडणार म्हणून मिस्त्री सांगत होते. बाईंनी दोष दिला नाही आणि काही मागितलंही नाही. गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन पाणी प्यायल्या. मग म्हणाल्या, खालच्या दोन मी करीन.

वरच्या दोन कोण करणार, ते कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनी हात धुतले. आपली स्वतःची काळी सायकल बाहेर काढली, दांडीची, इंजिनाची. बाईंनी पुड्या बांधून दिल्या. मिस्त्रींना मराठी अक्षर लागायला वेळ लागतो, म्हणून मी प्रत्येक पुडीवर मोठ्या अक्षरात नाव लिहिलं, गोळीचा रंग लिहिला, सकाळ की संध्याकाळ ते लिहिलं. दुकान दुपारून बंद ठेवायचं ठरलं. केजमध्ये आमचं दुकान दुपारी बंद, हे लोकांनी पहिल्यांदा बघितलं.

पहिल्या दिवशी ते सूर्य मावळायच्या आत आले. शर्ट धुळीनं भरलेला. मी पाणी दिलं. काय झालं विचारलं तर आधी रस्त्याला शिव्या घातल्या. मग सांगितलं.

मधल्या वस्तीवर सगळं बरं झालं. वर भिवराबाई दारात बसल्या होत्या. यांनी पुडी पुढं केली तर घेईनात. गोळीचा रंग तपासला, बरोबर होता. मग यांचं नाव विचारलं, यांनी हैदर म्हणून सांगितलं. कोण हैदर? सायकल बनवणारा, आशाताईंनी पाठवलंय. म्हातारीनं गोळी मुठीत धरली आणि यांच्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, “खरं सांग. सायकल मोडली का बाई मोडली?”

“सायकल,” हे म्हणाले.

“मग बरं हाय,” म्हातारी म्हणाली आणि गोळी घेतली.

एवढं सांगून मिस्त्री हसायला गेले आणि त्यांना रडूच आलं. एकतीस वर्षांत मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. त्यांच्या वडिलांच्या मयतीतही नाही. मी शेजारी बसले. मग पुढच्या फेरीच्या पुड्यांवर नावं लिहायची होती, ती लिहायला घेतली.